ही ओळ होऊ दे

"हे मोजे आता धुवायचे नाहीत, पुरायचे," न्हाणीघरातून नवऱ्याची कुरकुर ऐकू आली. दार अर्धवट उघडं होतं आणि तो बादलीपासून हातभर लांब उभा राहून पायाच्या अंगठ्याने मोजे पाण्यात ढकलत होता. "आयुष्य गेलं लोकांच्या मोऱ्या उपसण्यात. नाकाला काही वाटेनासं झालं होतं. तुझ्या भावाने परत वाटायला लावलं."

"हळू बोला. ऐकेल तो."

"ऐकू दे की. मी मोज्यांशी बोलतोय."

धाकटीला हसायचं नव्हतं, म्हणून तिने ओठ दाबून धरले. ती पन्नाशीला टेकली होती, चष्म्याच्या दुकानात दिवसभर उभं राहून पोटऱ्यांच्या शिरा फुगल्या होत्या, केस रंगवणंही सोडून दिलं होतं. पण भाऊ धाकटी म्हणायचा, म्हणून घरीदारी ती धाकटीच. तो मागच्या खोलीत राहायचा. आत्ता पलंगाच्या कडेला बसून बुटांना पॉलिश करत होता. बूट पायातच होते.

"दादा, काढून कर की."

"ड्यूटीवर बूट काढत नाहीत," तो मान वर न करता म्हणाला.

तरुणपणी तो बसवर कंडक्टर होता. थोडीच वर्षं. मग त्याचं ते सुरू झालं. घरात आजाराला 'त्याचं ते' असंच म्हणायचे. डॉक्टरांनी दिलेलं नाव लांबलचक होतं आणि ते औषधांच्या पिशवीतच राहायचं. गाडीतली माणसं आपल्याबद्दल कुजबुजतात असं त्याला ऐकू यायला लागलं, आणि एके दिवशी त्याने भर पुलावर घंटी मारून गाडी थांबवली, सगळ्यांना खाली उतरवलं आणि रिकाम्या सीटांखाली आवाज शोधत बसला. त्यानंतर इस्पितळ, मग घर, मग पुन्हा इस्पितळ. आई-वडील त्या जाण्यायेण्यातच संपले. "लोकांना वाटणीत घर मिळतं, जमीन मिळते, आम्हाला कंडक्टर मिळाला," असं नवरा येईल त्याला सांगायचा. सांगायचा, आणि जेवताना स्वतःच्या आधी त्याच्या ताटात वाढायचा.

गेली काही वर्षं मात्र बरी गेली होती. ती वेतामुळे.

इस्पितळाच्या मागच्या अंगाला पत्र्याची एक लांब खोली होती. शाळांतून, कचेऱ्यांतून, घरांतून बैठक फाटलेल्या खुर्च्या तिथे यायच्या आणि इथली माणसं त्या वेताने पुन्हा विणून द्यायची. कोपऱ्यातल्या टबात वेताच्या पट्ट्या भिजत पडलेल्या असायच्या, कारण ओला वेत वाकतो आणि कोरडा मोडतो. चौकटीच्या भोकांतून आधी उभ्या ओळी ओवायच्या, मग आडव्या, मग तिरक्या. ओळ सैल पडू नये म्हणून भोकात एक लाकडी खुंटी ठोकायची, करंगळीच्या पेरापेक्षा थोडी मोठी, एका टोकाला निमुळती. पुढची ओळ ओवताना ती उपसायची. दिवसभर खुंट्या ठोकायच्या, उपसायच्या आणि खाली सांडायच्या. संध्याकाळी झाडताना सूपभर निघायच्या.

ही खोली चालवायची ऑक्युपेशनल थेरपिस्ट. ते नाव उच्चारून त्याचा अर्थ सांगण्यातच तिची निम्मी उमेद खर्च झाली होती. "म्हणजे तुम्ही त्यांच्याकडून कामं करून घेता?" असं पाहुणे विचारायचे. "नाही हो, कामाकडून त्यांना बरं करून घेते," असं ती म्हणायची, आणि पाहुणे मान डोलावून खुर्चीची किंमत विचारायचे.

दादा पहिल्यांदा तिथे गेला तेव्हा त्याच्या कानात मुंग्या होत्या. म्हणजे त्याच्या मते होत्या. विणता विणता तो उठायचा आणि भिंतीवर डोकं आपटून त्या झाडायचा. थेरपिस्टने त्याला मुंग्या नाहीत असं सांगितलं नाही, आहेत असंही नाही. ती शेजारी उकिडवी बसली आणि म्हणाली, "बरं. ही ओळ होऊ दे, मग बघू."

ओळ संपेपर्यंत मुंग्या निघून गेल्या.

तेव्हापासून खोलीचा कायदाच झाला तो. कुणाच्या पोटात तार असो, कुणाच्या दाढेत रेडिओ स्टेशन असो, ही ओळ होऊ दे, मग बघू. कामावर टेकलेला जीव तेवढ्या वेळात शांत व्हायचा, आणि बघण्यासारखं काही उरायचं नाही. थेरपिस्टने ते घरच्यांनाही शिकवलं. वाद घालू नका, होकारही देऊ नका, हातातलं काम पुरं करायला सांगा. धाकटीने ते इतकं मनावर घेतलं, की तिच्या तोंडी भांड्यांची ओळ, कपड्यांची ओळ, अशा नाना ओळी आल्या. नवऱ्याने तर त्याचं हत्यारच केलं. स्वतःच्याच घरातला नळ गळतोय म्हटलं की तो वर्तमानपत्रामागून म्हणायचा, "ही ओळ होऊ दे, मग बघू."

आणखी एक गोष्ट त्या खोलीने मिळवून दिली होती. दादा स्वतःची अंघोळ स्वतः करायला लागला होता. दार लावून, आतून कडी घालून. त्याआधी कितीतरी वर्षं नवराच त्याला अंघोळ घालायचा. पहिल्या दिवशी कडीचा आवाज आला तेव्हा नवरा-बायको दाराबाहेर उभे राहून एकमेकांकडे परीक्षेचा निकाल लागल्यासारखे बघत राहिले होते. "आता त्याच्या अंगाकडे तुम्ही बघायचं नाही," थेरपिस्टने सांगितलं. "ते त्याचं आहे. त्याचं त्याला सांभाळू द्या."

त्यांनी बघायचं सोडून दिलं.

पायाचं पहिल्यांदा निघालं ते खोलीत, चहाच्या वेळी. दादा कप हातात घेऊन बुटाकडे एकटक बघत होता.

"मॅडम," तो म्हणाला, "हा पाय माझा नाही. कुणीतरी गाडीत विसरून गेलंय."

शेजारच्या बाकावरची रेडिओमावशी हसत फुटलीच. सकाळी खोलीत शिरली की बंद व्हायची नाही, म्हणून रेडिओ. "कंडक्टर, कुणी छत्री विसरतं, कुणी पिशवी विसरतं! पाय विसरून घरी कसा गेला तो? लंगडीने?"

"ते मला काय माहीत. डेपोत जमा करायला पाहिजे."

सगळे हसले. दादाही थोडा हसला, कारण विनोद बरा झाला होता हे त्याला कळत होतं. मग त्याने पुन्हा सांगितलं, हसू नये अशा आवाजात, "खरंच, मॅडम. जमिनीला लागतच नाही. दुसऱ्याचा असल्यासारखा चालतो माझ्याबरोबर."

"बरं," थेरपिस्ट म्हणाली. "ही ओळ होऊ दे, मग बघू."

तो ओळीला लागला. वेत ताणून घेतला, खुंटी ठोकली, पुढचं भोक, पुढची खुंटी. ओळ संपली तशी त्याने वेत ओवायचा टोचा खाली ठेवला, हात मांडीवर पुसले आणि म्हणाला, "झाली ओळ. आता बघता?"

तेव्हा खोलीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी टबात हात घालून रडत होतं, आणि थेरपिस्ट एकटी होती. येता येता तिने पाहिलं ते बैठकीकडे. "अरे वा! काय ताणलाय वेत! वाजवून बघा, ढोलासारखा वाजेल. आता तिरकी घ्या."

त्याने तिरकी घेतली. एक बैठक पुरी केली की एक बिस्किटांचा पुडा बक्षीस, अशी तिथली पद्धत होती. त्या दिवशी त्याने बैठक पुरी केली, पुडा घेतला आणि दोन्ही पायांवर चालत घरी आला.

घरी तेच. "धाकटे, हा पाय माझा नाही गं." "बरं, ही ताटं पुसून होऊ देत, मग बघू." ताटं पुसून व्हायची. दादा स्वयंपाकघराच्या दारात उभा असायचा. "झाली ताटं." मग पेले निघायचे.

अगदीच काही केलं नाही, असंही नाही. त्याची तहान फार वाढली होती, तांब्यामागून तांब्या रिचवायचा आणि सारखा मोरीकडे जायचा. नवरा म्हणायचा, माझ्या धंद्याला इतकं गिऱ्हाईक पुरेल. शेवटी दुकानातून सुट्टी काढून धाकटी त्याला घेऊन कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी औषधांची पिशवी टेबलावर ओतली, एकेक पाकीट उलटून पाहिलं, आणि त्यानंतर दादाकडे पाहिलंच नाही. खुर्चीत बसलेल्या त्याच्या डोक्यावरून त्यांनी धाकटीला विचारलं, "काय म्हणतात?"

"पाय माझा नाही म्हणतात."

"कधीपासून?"

"आधी मुंग्या होत्या कानात. हे नवीन आहे."

डॉक्टर समजूतदारपणे हसले. "ह्यांच्या तिकडच्या डॉक्टरांना सांगा. डोस बघतील ते."

"मी इथेच बसलोय, साहेब," दादा म्हणाला.

"हो, हो, बसा," डॉक्टर म्हणाले.

तिकडच्या डॉक्टरांनी डोस बघितला, म्हणजे वाढवला. त्यांनी रक्त तपासायलाही सांगितलं. ह्या औषधांनी वजन वाढतं, साखर वाढते, बऱ्याच दिवसांत तपासली नाही, असं म्हणाले. पण रक्त द्यायचं उपाशीपोटी, आणि वाढलेल्या डोसने दादाला अशी भूक लागायची, की प्रयोगशाळेच्या दाराशी पोहोचेपर्यंत त्याने खिशातला बक्षिसाचा पुडा संपवला. "उद्या या," खिडकीतली बाई म्हणाली. उद्या धाकटीला सुट्टी नव्हती. परवा दादा उठलाच नाही, इतका गुंगीत होता. मग ते राहिलं. राहिलं म्हणजे कुणी ठरवून सोडून दिलं नाही, पण पुन्हा कुणी काढलंही नाही.

पायाबद्दल तो बोलायचा थांबला. धाकटीने थेरपिस्टला फोन करून ते सांगितलं, आणि दोघींनाही हायसं वाटलं.

वास तेवढा वाढत गेला.

रविवारी दुपारी दादा खुर्चीत बसल्या बसल्या झोपला होता. हनुवटी छातीवर, हात लोंबकळलेले. नवऱ्याने बराच वेळ नाक मुरडून पाहिलं, मग उठला. "आता बूट उन्हात ठेवतोच. झोपेत कसली आलीय ड्यूटी." तो त्याच्या पायाशी बसला. डावा बूट आला. उजवा येईना. त्याने नाड्या पूर्ण सोडल्या, टाच धरून हलवलं. "सुजलाय की काय, अगं, इकडे ये जरा." बूट निघाला तो आवाज करून निघाला, चिखलातून निघावा तसा. आत दोन मोजे होते, एकावर एक. वरचा निघाला. खालचा कातड्याला धरून होता.

नवऱ्याने तो हळूहळू सोलला.

तळव्यात चवड्याखाली एक लाकडी खुंटी होती. केव्हातरी बुटात पडलेली, आणि चालून चालून आत शिरलेली. तिच्याभोवती पाय पाय राहिला नव्हता. बोटांपाशी तो काळा होता, मध्ये ओला, आणि घोट्याच्या वर लाल रेघा पोटरीकडे निघाल्या होत्या.

दादा जागा झाला होता. वाकून तोही बघत होता, दुसऱ्याच्या अपघाताची गर्दी बघावी तसा.

"सापडला का कुणाचा आहे तो?" त्याने विचारलं.

नवरा उठला, न्हाणीघरात गेला आणि ओकला. आयुष्यभर मोऱ्या उपसलेला माणूस. धाकटी तिथेच, मोजा हातात धरून बसून राहिली. तो मोजा कुठे ठेवायचा, हे तिला सुचेना. नंतर कितीतरी दिवस तिला तेवढंच आठवायचं, की तो मोजा कुठे ठेवायचा हे सुचत नव्हतं.

मोठ्या इस्पितळात त्याला घेतलं. रक्तातली साखर इतकी निघाली, की नर्सने यंत्र खराब समजून दुसरं आणलं. सर्जन तरुण होते, भरभर बोलायचे. दुसऱ्या दिवशी वॉर्डाबाहेरच्या बाकापाशी उभे राहूनच त्यांनी सांगितलं. मधुमेह आजचा नाही, वर्षांचा आहे. त्याने नसा मरतात, पाय बधिर होतो, खिळा घुसला तरी कळत नाही. दुसरा पायही त्याच वाटेवर आहे, पण तो सांभाळता येईल. हा नाही. विष वर चढतंय. गुडघ्याखाली काढला तर माणूस वाचेल. थांबलो तर पाय आणि माणूस दोन्ही जाईल.

"इतकं होईपर्यंत कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?" त्यांनी विचारलं.

"आमच्यासमोर बूट काढायचाच नाही," नवरा म्हणाला.

"मोजे दोन घालायचा," धाकटी म्हणाली.

"हं," सर्जन म्हणाले, आणि कागद पुढे केला. "तुम्ही बहीण ना? इथे सही करा. ते मानसिक रुग्ण आहेत, त्यांना विचारून काही उपयोग नाही. पाय त्यांचा नाहीच असं म्हणतायत म्हणे."

धाकटीने पेन घेतलं. तेवढ्यात जिन्यातून थेरपिस्ट आली. केस विस्कटलेले, ओढणी एका खांद्यावरून घसरलेली, आणि अंगाला ओल्या वेताचा वास. ती थेट खोलीतूनच आली होती.

"सकाळपासून सगळ्यांचे बूट काढायला लावले," ती धाकटीला म्हणाली. नमस्कार नाही, काही नाही. "रेडिओमावशी म्हणाली, आज काय पाय विकायला काढलेत का. आणि तिच्याच अंगठ्याचं नख मांसात गेलेलं. कधीचं. एकाच्या टाचेला बोट जाईल एवढ्या भेगा. एकाच्या बोटांत... इतकी वर्षं मी त्यांचे हात बघत होते हो. बोटं वळतात का, पकड येते का. पायापर्यंत मी गेलेच नाही."

धाकटी बाकावर सरकली. "बसा ना," ती म्हणाली.

थेरपिस्ट बसली नाही. तिने कागद पाहिला, पेन पाहिलं. "ते जागे आहेत?"

"जागे आहेत," सर्जन म्हणाले. "पण..."

"मग त्यांना विचारायला हवं. त्यांच्या डॉक्टरांशी मी बोललेय. तेही म्हणाले, हा माणूस आत्ता ठीक आहे, त्याचा निर्णय तो घेऊ शकतो. तुम्ही त्यांना फोन लावा."

"अहो ताई, वेळ नाही. आणि ते नाही म्हणाले तर?"

नाही म्हणाला तर तो मरणार होता, हे चौघांनाही दिसत होतं. धाकटीच्या हातात पेन होतं. सही केली असती तर भाऊ नक्की वाचला असता, विचारलं तर कदाचित नाही. तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा स्वतःच्या हातांकडे बघत होता. कालपासून तो साबणाने हात धूत होता आणि तरी मध्येच वास घेऊन बघत होता.

"विचारू," धाकटी म्हणाली. "एकदा तरी विचारू."

सर्जनांनी फोन लावला, थोडं ऐकलं, खांदे उडवले आणि आत निघाले.

दादा उशीला टेकून बसला होता. हाताला सुई, पायावर चादरीचा तंबू. चौघं येताना दिसल्यावर त्याने पाय आवरून घ्यायचा प्रयत्न केला. "या, या. बसायला जागा आहे," तो म्हणाला. "पुढे सरका, साहेब, दारात गर्दी नको."

नर्स हसली. सर्जन पलंगाच्या कडेशी उभे राहिले, आणि त्यांना श्रेय द्यायला हवं, त्यांनी शब्द फिरवले नाहीत. "काका, पायात विष झालंय. वर चढतंय. तुमचा जीव वाचवायचा तर पाय गुडघ्याच्या खाली कापावा लागेल. आजच. तुमची परवानगी हवी."

दादाने चादरीच्या तंबूकडे पाहिलं. सलाइन टपटपत होतं. शेजारच्या पलंगावरचा म्हातारा खोकला, आणि खोकून झाल्यावर कान देऊन ऐकायला लागला.

"पाय माझाच आहे ना हा?" दादाने विचारलं.

"तुमचाच."

"मला वरपर्यंत दुखतंय आता. म्हणजे माझाच असेल." त्याने मान हलवली. "हो की नाही ते सांगतो. आधी मला एक सांगा. मी सांगत होतो. बाकावर सांगितलं, घरी सांगितलं, त्या डॉक्टरांसमोर बसून सांगितलं. कुणी बघितलं का नाही?"

"काका, त्याचं काय होतं," सर्जन म्हणाले, "साखरेमुळे पाय बधिर झाला, दुखलाच नाही, त्यामुळे..."

"ते पायाचं झालं, साहेब. मी माणसांचं विचारतोय."

सर्जनांनी हातातला कागद गुंडाळला आणि पुन्हा उलगडला.

थेरपिस्ट पुढे झाली. "आपली पद्धत होती ना," ती म्हणाली. "आधी ओळ..."

"ओळ मी पुरी केली होती, मॅडम."

ती मागे सरकली ती भिंतीपर्यंत.

"दादा," नवरा म्हणाला, "झालं ते झालं. ते उगाळून आता काय मिळणार? मी आहे ना. मी उचलून नेईन तुम्हाला मोरीत, पहिल्यासारखा. तुम्ही फक्त हो म्हणा. पाया पडतो."

"तुम्ही नेणारच. तुमचं मला माहीत आहे," दादा म्हणाला. तो चिडलेला नव्हता. हळूहळू, शब्द तपासत बोलत होता. बोलता बोलता ओठ कोरडे पडत होते. "पण माझी अडचण समजून घ्या. माझ्या डोक्यातलं खरं कुठलं आणि खोटं कुठलं, ते मला कळत नाही, असं तुम्हीच सांगत आलात सगळे. मी मानलं. मुंग्या खोट्या धरल्यात, मानलं. पायाचंही तसंच धरलंत, म्हणून मी गप्प बसलो. म्हटलं, असेल, डोक्यातलंच असेल. आणि चालत राहिलो." तो थांबला. "आता तुम्हीच म्हणता, पाय खरा बिघडलाय, कापू या. मग मी कशावर विश्वास ठेवून सही करू? तेव्हाच्या तुमच्यावर, की आताच्या? मला वाटतं, मला कळलंय काय झालं ते. पण ते मला वाटतंय, त्याला काय अर्थ. तुमच्यातल्या एकाने बाहेरून सांगा. मग कापा."

"दादा, तू थकलायस," धाकटी म्हणाली.

"हो, थकलोय. सांगतेस?"

"सगळ्यांनी आपापल्या परीने..." नवऱ्याने सुरुवात केली.

सर्जनांनी घड्याळाकडे पाहिलं. नर्स उगाचच सलाइनची नळी तपासायला लागली. थेरपिस्ट भिंतीला टेकून रडत होती, पण तोंड घट्ट मिटून. शेजारचा म्हातारासुद्धा खोकला दाबून धरत होता.

धाकटीने पेन खिशात ठेवलं. मग ती पलंगाच्या पायथ्याशी गेली आणि चादर उचलली. पट्ट्यांमध्ये गुंडाळलेल्या त्या पायावर, जिथे अजून कातडं शिल्लक होतं तिथे, पोटरीवर, तिने हात ठेवला. पोटरी गरम होती, तव्यासारखी. तिने हात काढला नाही. दादा तिच्या हाताकडे बघत होता.

"तुझ्या डोक्यातलं नव्हतं ते," ती म्हणाली. "पाय खराच मरत होता. तुला कळलं होतं, सगळ्यांच्या आधी कळलं होतं, आणि तू सरळ सांगितलंस. हेच ह्यांनी सांगितलं असतं, तर मी त्याच क्षणी मोजा काढून पाय बघितला असता. दुकानातल्या परक्या गिऱ्हाइकाने सांगितलं असतं तरी बघितला असता."

"मग?" दादा म्हणाला.

"तू वेडा आहेस, दादा. तू वेडा आहेस म्हणून आम्ही बघितलं नाही."